जीजींचा द्रोण

"आधी हात धुवा, मग घाबरा," असं जीजी म्हणायच्या. पाल दिसो, वीज कडाडो, की कुणाचा दात हलो, पोरांची वरात आधी नळावर. परत येईपर्यंत निम्मी भीती तिथंच वाहून गेलेली असायची.

मध्य प्रदेशातल्या धारला आमच्या गल्लीत जीजी सात-आठ पोरं सांभाळायच्या. आम्ही आया पीथमपूरच्या शिफ्ट-बसनं कारखान्यात. जीजींना कमी ऐकू यायचं, त्यामुळे त्यांचा टीव्ही अख्ख्या गल्लीचा. तुमच्याकडेही असेल असा एखादा.

त्यावर लढाईच्या बातम्या सुरू झाल्या आणि माझ्या पाच वर्षांच्या लेकीनं माझी ओढणी धरली ती सोडेचना. "मम्मी, फॅक्टरी नको जाऊ. ऊपर से ड्रोन आएगा." तीन दिवस बस चुकली. सुपरवायझर म्हणाला, उद्या नाही आलात तर येऊच नका. चौथ्या दिवशी जीजींच्या दारात लेकही रडत होती आणि मीही रडकुंडीला आले होते.

"काय येणार गं वरून?" जीजींनी तिला विचारलं.

"ड्रोन."

"द्रोण?" जीजी आत गेल्या आणि पळसाच्या पानांचा द्रोण घेऊन आल्या. आमची हिंदी शाळेतली पोरं त्याला दोना म्हणतात. "हा? ह्यानं काय होतंय? फार तर कढी सांडेल." त्यांनी तो लेकीच्या डोक्यावर उपडा घातला. ती फिस्सकन हसली. मग सगळ्यांनाच टोप्या हव्या झाल्या. मला बस मिळाली.

संध्याकाळी मी त्यांना खरं काय ते समजावलं, की ते छोटं विमान असतं, बॉम्ब टाकतं. जीजींनी विचारलं,

"खाली पोरं असतात का गं?"

"असतात, जीजी."

त्या उठल्या, नळावर जाऊन हात धुऊन आल्या आणि टीव्हीवर चादर टाकली. दुसऱ्या दिवशी मात्र पोरांपुढे पुन्हा द्रोणच. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. मला तेव्हा त्यांच्या पाया पडावंसं वाटलं होतं, पण बसची वेळ झाली होती.

यंदा जीजी गेल्या. तेराव्याला पंगत बसली, पानावर द्रोण आला, त्यात कढी वाढली आणि मला काही आवरेना. शेजारी लेक, आता आठ वर्षांची. तिनं कोपरानं ढोसलं.

"मम्मी, आधी हात धू. मग रड."

मी उठून नळावर गेले. तिथं आधीच जीजींच्या पोरांची रांग लागली होती.