ईस्टसाइडचं रिकामं घर

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. सुमनकाकूंना मी ज्या घरात पाठवलं, त्याहून चांगलं घर माझ्या लिस्टवर होतं. पहिल्या दिवसापासून होतं. ते मी दाखवलं नाही, कारण ते माझ्या घरापासून तीन घरं सोडून होतं.

माझं काम आधी सांगतो. मी रिलोकेशन कन्सल्टंट आहे. अ‍ॅलिस स्प्रिंग्ज हे ऑस्ट्रेलियाच्या मधोमध, वाळवंटात वसलेलं गाव. नकाशावर शहर म्हणायचं म्हणून शहर. इथे नर्स, इंजिनिअर, शिक्षक बाहेरून येतात. ते येण्याआधी त्यांच्यासाठी घर शोधायचं, आल्यावर चावी द्यायची, दुकान-दवाखाना दाखवायचा. कंपनी छोटी. बॉस लॉरेन अ‍ॅडलेडला बसते, इथे मी एकटा.

आमच्या कामाची सुरुवात ब्रीफपासून होते. ब्रीफ म्हणजे येणाऱ्या माणसाला काय हवंय त्याचं एक पान. वैशालीचं पान मला अजून पाठ आहे. वैशाली फिजिओथेरपिस्ट. सिडनीला हॅरिस पार्कमध्ये भाड्याच्या फ्लॅटमध्ये आईबरोबर राहायची. इथे हॉस्पिटलमध्ये तीन वर्षांचं काँट्रॅक्ट. वडील आदल्या वर्षी पुण्यात गेले, म्हणून आईला तिने जवळ आणलेलं. व्हिडिओ कॉलवर मी नेहमीचे प्रश्न विचारले. पार्किंग हवं? बाग हवी? मागून तिच्या आईचा, सुमनकाकूंचा, आवाज आला.

"अजित, मला बाग नको, काही नको. मला घरातून एकटीला चालत कुठेतरी जाता आलं पाहिजे. इथे मी दहा मिनिटांत कोथिंबीर घेऊन येते. तेवढं नसेल तर मी आपली परत जाईन पुण्याला."

"आई, लगेच परत काय," वैशाली म्हणाली.

"मग? कोंडून बसायला एवढ्या लांब येऊ?"

काकू मला अजित म्हणाल्या, कारण त्या माझ्या आईच्या मैत्रिणी. कर्वेनगरला एकाच सोसायटीत. वैशालीला ही नोकरी मिळाल्यावर आईनेच त्यांना सांगितलं होतं, काळजी करू नका, आमचा अजित आणि मंजिरी आहेत तिथे.

इथेच सगळी गोम होती. अजित होता. माझी बायको मंजिरी नव्हती. ती मला सोडून गेली त्याला चार वर्षं झाली होती. ती मेलबर्नला क्रेगीबर्नमध्ये राहते, बरी आहे. चूक माझी होती, त्यात इथे शिरत नाही. पुण्यात आईला मी सांगितलं नव्हतं. आधी तिचं ऑपरेशन होतं म्हणून, मग दिवाळी होती म्हणून, मग इतके दिवस का नाही सांगितलंस म्हणेल म्हणून. दर रविवारी आई विचारायची, मंजिरी कुठेय? मी म्हणायचो, ड्युटीवर. चार वर्षांत तिने इतक्या ड्युट्या केल्या की आईला तिची काळजी वाटायला लागली.

आता आईची मैत्रीण तीन घरं सोडून राहायला आली असती, तर हे किती दिवस टिकलं असतं?

ते घर जॉइसबाईंचं. म्हातारी, एकटी, स्वतःच्या घरामागे छोटा युनिट, म्हणजे वेगळं छोटं घर, भाड्याने देणारी. ईस्टसाइडला. समोरचा पूल ओलांडला की गाव, दुकानं, लायब्ररी. खाली नदी आहे, पण वर्षभर तिच्यात वाळूच असते. जॉइसबाईंनी मला फाटकाशी थांबवून सांगितलं होतं, "कोणी चांगलं कुटुंब आलं तर मला सांग, डार्ल." ब्रीफ आणि घर अगदी एकमेकांसाठी केल्यासारखे.

लॉरेनने शॉर्टलिस्ट पाहिली. लगेच फोन.

"अजित, ईस्टसाइडचा युनिट कुठे गेला? तो तर बॉक्सनबॉक्स टिक करतो."

मी म्हणालो, "मालकिणीला मसाल्याच्या वासाचा प्रॉब्लेम आहे."

"ती असं म्हणाली? तोंडावर?"

"तसं सुचवलं."

"डिस्गस्टिंग. मी तिच्या नावापुढे नोट टाकते. पुन्हा कोणाला पाठवायचं नाही तिच्याकडे."

मी "नो वरीज" म्हणून फोन ठेवला.

मग गावाच्या पश्चिम टोकाला, नव्या वस्तीत तीन बेडरूमचं घर दिलं. त्या सबर्बचं नाव लिहीत नाही. तिथे चांगली माणसं राहतात, ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांना काही अडत नाही. वैशालीची गाडी दिवसभर हॉस्पिटलला असणार होती. काकूंना गाडी येत नव्हती. दुकान चार किलोमीटरवर. बस होती, पण मोजकी.

आणखी एक चूक. या धंद्यात माझा स्वतःचा एक नियम आहे. घर दुपारी चारला बघायचं. कोणती भिंत तापते ते तेव्हाच कळतं. हे घर मी सकाळी नऊला बघितलं, कारण मला ते पसंतच करायचं होतं.

चावी द्यायच्या दिवशी मी घर समजावून सांगतो. बटणं, कचऱ्याचे डबे, कूलर. इथले बरेच कूलर पाण्याचे असतात. छपरावर बसवलेले, घरात नुसत्या छताला जाळ्या. दिसायला एसी. पण तो चालू असताना खिडक्या थोड्या उघड्या ठेवाव्या लागतात, नाहीतर घरात दमट वाफ कोंडते. हे सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात काकूंनी विचारलं, "मंजिरी नाही आली?"

"ड्युटीवर आहे."

"मग संध्याकाळी घेऊन ये. मी तिच्यासाठी साडी आणलीय तुझ्या आईने पाठवलेली."

मी घड्याळ बघितलं, दुसरी अपॉइंटमेंट आहे म्हणालो आणि निघालो. कूलरचं राहिलं.

पुढचे दोन महिने काकूंनी मला सात-आठ वेळा जेवायला बोलावलं. दोघांना. मी टाळलं. वैशाली एकदा म्हणाली, "दादा, आई गप्प गप्प असते रे. दिवसभर टीव्ही. घरात कसं घुसमटल्यासारखं होतं म्हणते." मी म्हणालो, होईल सवय.

मग संक्रांत आली. आपल्याकडे थंडीत तीळगूळ खायचा. इथे जानेवारी म्हणजे भट्टी. त्या दिवशी बेचाळीस डिग्री होतं. अकराच्या सुमाराला मला अनोळखी नंबरवरून फोन आला. एका बाईचा.

"तू अजित का? बस स्टॉपवर एक इंडियन आजी बसल्यात. त्यांच्या पर्समध्ये तुझा नंबर आहे. त्यांना नीट बोलता येत नाहीये. मी अँब्युलन्स बोलावलीय."

काकू दुकानाला चालत निघाल्या होत्या. बस चुकली, पुढची दीड तासाने. एवढंसं तर आहे म्हणून चालायला लागल्या. हातातली पाण्याची बाटली अर्ध्या वाटेतच संपली. बस स्टॉपला छप्पर नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये मी पोचलो तेव्हा त्यांना सलाइन लावलेलं होतं. चेहरा लाल, ओठ कोरडे, पण शुद्धीवर होत्या. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, संध्याकाळपर्यंत घरी जातील. मी खुर्चीवर बसलो.

"काकू, एवढं काय आणायचं होतं?"

"तीळ," त्या म्हणाल्या. "गूळ होता. तीळच नव्हते."

"मला फोन करायचा. मी आणून दिले असते."

"वा! तुलाच द्यायचे आणि तुलाच आणायला सांगायचे?" त्या हसल्या, मग खोकल्या. "मंजिरी काही जेवायला येत नाही. म्हटलं तीळगूळ घेऊन आपणच जावं. सण आहे म्हटल्यावर दार तरी उघडेल."

मी त्यांच्या उशाशी पाण्याचा पेला भरून ठेवला आणि बाहेर आलो.

बाहेर वैशाली युनिफॉर्ममध्येच उभी होती. वॉर्डातून धावत आलेली. "दादा, आई परत जाते म्हणतेय. पुढच्याच आठवड्यात. बाबा गेल्यावर पुण्याच्या त्या फ्लॅटमध्ये ती एकटी कशी राहणार? आणि मला काँट्रॅक्ट संपल्याशिवाय इथून हलता येत नाही." मग डोळे पुसून म्हणाली, "सॉरी हं, तुला किती त्रास आमचा. एवढं चांगलं घर बघून दिलंस तू."

ती तसं म्हणाली नसती, तर कदाचित मी अजून थोडे दिवस काढले असते.

आधी त्यांच्या घरी गेलो. सगळ्या खिडक्या घट्ट बंद, भिंतींना हात लावला तर ओलसर. पुण्यातली शिस्त. एसी लावला की खिडक्या बंद. काकू दोन महिने त्या वाफेत बसल्या होत्या. खिडक्या उघडल्या आणि तसाच जॉइसबाईंकडे गेलो. युनिट रिकामाच होता.

"आई आणि मुलगी आहेत," मी म्हणालो. "चांगली माणसं आहेत."

"मी तुला केव्हाच म्हटलं होतं," जॉइसबाई म्हणाल्या. "बराच वेळ लावलास, डार्ल."

वैशालीला सांगितलं, आत्ताच एक घर रिकामं झालंय. लॉरेनला सांगितलं, मालकिणीचं मन बदललं. "वेल, गुड ऑन हर," लॉरेन म्हणाली. "पण नोट राहू दे, सेफ साइड." काकूंनी, वैशालीच्या आग्रहाखातर, एक महिना बघते म्हणून तिकिटाचं पुढे ढकललं.

सामान लागल्यावर तिसऱ्या दिवशी माझ्या दारावर थाप पडली. काकू. हातात स्टीलचा डबा.

"रथसप्तमीपर्यंत चालतं," त्या म्हणाल्या. "मंजिरी आहे?"

"नाही, ती…"

त्या आत आल्या. टेबलाशी एकच खुर्ची होती. ओट्यावर पालथं घातलेलं एक ताट, एक कप. दाराशी एक चपलांचा जोड. त्यांनी काही उचललं नाही, काही विचारलं नाही. त्या एकुलत्या खुर्चीवर बसल्या.

"किती दिवस झाले?"

"चार वर्षं."

"बरी आहे ना ती?"

"हो. बरी आहे."

"मग झालं." त्यांनी डबा उघडला आणि माझ्या हातावर एक वडी ठेवली. मग दुसरी. "घे. तिच्या वाटचीही तूच खा. आणि एक खुर्ची आण आणखी. मी आले की तू उभा राहतोस, बरं दिसत नाही."

मी खुर्ची आणली. दुसऱ्याच दिवशी.

पुढच्या रविवारी त्यांच्याकडे पंखा बसवत होतो. स्टुलावर मी, खाली काकू फोनवर. पलीकडे माझी आई. स्पीकर नव्हता, पण आईचा आवाज मला कुठूनही ऐकू येतो. काकू म्हणत होत्या, "हो हो, भेटली ना. छान आहे. साडी दिली… नाही हो, आज ड्युटीवर आहे."

फोन ठेवला. मी स्टुलावरून खाली उतरलो.

"काकू, तुम्ही कशाला माझ्यासाठी…"

"मग काय करू? तिला माझ्याकडून कळावं असं वाटतं तुला?" त्यांनी चष्मा पदराला पुसला. "तू चार वर्षं बोलतोयस, तुला सवय झालीय. मला नाही रे जमत. छाती धडधडते. लवकर काय ते बघ."

त्या गोष्टीला आता पाच महिने झाले. काकू परत गेल्या नाहीत. रोज सकाळी पूल ओलांडून लायब्ररीत जातात, मराठी पुस्तकं ठेवत नाहीत म्हणून तिथल्या पोरीशी हुज्जत घालतात, येताना कोथिंबीर आणतात. गुरुवारी जॉइसबाई त्यांच्याकडे जेवतात. पहिल्यांदा आमटी वाढली तेव्हा म्हणाल्या, असा वास माझ्या स्वयंपाकघरात तीस वर्षांत आला नव्हता. मी समोरच बसलो होतो. घास गिळला.

वैशालीने कंपनीला फीडबॅक पाठवला, पाचपैकी पाच. लॉरेनने तो सगळ्या टीमला फॉरवर्ड केला. खाली लिहिलं होतं, ग्राहकाचं असं ऐकून घ्यायला शिका.

या धंद्यातलं शिकण्यासारखं एवढंच. घर दुपारी चारला बघावं. कूलरचं आधी सांगावं, बाकीचं नंतर. आणि ब्रीफ ज्याचा आहे, त्याच्यासाठीच घर शोधावं, स्वतःसाठी नाही.

माझ्याकडून अजून सांगायचं राहिलं आहे ते असं. लॉरेनच्या फाइलमध्ये जॉइसबाईंच्या नावापुढे ती ओळ अजून आहे. ती माझ्या खोटं बोलण्यामुळे पडली, हे लॉरेनला मीच सांगायचं आहे. ते घर तेव्हाही रिकामं होतं, हे वैशालीला आणि काकूंना सांगायचं आहे. आणि आईला मंजिरीचं सांगायचं आहे, म्हणजे रविवारी काकूंना तिला ड्युटीवर पाठवावं लागणार नाही.