एकेरी रस्त्यावरचा मामा

माझा मामा बस चालवतो. हे वाक्य मी लहानपणी इतक्या वेळा म्हटलंय की बाईंनी 'माझी आई' असा निबंध दिला तरी माझी सुरुवात मामाच्या बसनेच झाली होती. बस चालवणं ही त्याची नुसती नोकरी नाही, बसण्याउठण्याची पद्धत आहे. जेवायला बसला तरी उजव्या हाताला खिडकी येईल असा बसतो. स्वयंपाकघरातून बाहेर पडताना आधी दोन्ही बाजूंना बघतो. मामी म्हणते, "हे झोपेत कूस बदलतात, तीसुद्धा हात दाखवून."

या माणसाला पळायचं वेड लागलं ते रक्तदाबामुळे. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. मामा काही दिवस चालला, मग चालण्याचा कंटाळा आला म्हणून पळायला लागला आणि गेल्या वर्षी गावच्या मॅरेथॉनमध्ये नाव देऊन बसला. तिथे तरण्या पोरांच्या नादाने सुरुवातीलाच चौथा गिअर टाकला आणि नेमका डेपोच्या गेटसमोर पोटऱ्यांत गोळे येऊन खाली बसला. मागे राहिलेल्यांना गोळा करत आयोजकांची व्हॅन येत होती. मामाला उचलून तिच्यात घातलं. गेटवर सगळा डेपो टाळ्या वाजवायला जमला होता. त्यांचे हात तसेच वर राहिले.

दुसऱ्या दिवसापासून मामाचं नाव 'ब्रेकडाऊन' पडलं. कंट्रोलरसुद्धा ड्यूटी लावताना हाक मारायचा, "ब्रेकडाऊन, पहिली गाडी तुझी."

मामाला चिडवलेलं चालतं, तोही चिडवण्यात कमी नाही. पण हे लागलं त्याला. "जन्मभर लोकांना शेवटच्या स्टॉपला पोचवलं रे," तो मला म्हणाला होता, "आणि मीच मधे उतरलो." यंदा तो निवृत्त होतोय. शर्यत पुन्हा त्याच गेटसमोरून जाणार होती. पुढच्या वर्षी पळ की, असं मी म्हणालो तर म्हणाला, "पुढच्या वर्षी गेटवर नवी पोरं असतील. त्यांना माझं बसणं माहीत नाही, मग पळण्याचं काय कौतुक?"

प्रश्न मामीचा होता. मामी नर्स आहे. तिच्यापुढे डॉक्टर जपून बोलतात, तिथे मामाची काय कथा! तिने अट घातली: शर्यतीआधी एकदा तीस किलोमीटर पळून दाखवायचं. जिथून निघाल त्याच दारात स्वतःच्या पायांनी परत यायचं. मधे कुठल्याही वाहनाला बूड टेकलं तर शर्यत रद्द.

आता नेमकं असं झालं की डेपोत बॅटरीवर चालणाऱ्या नव्या बस यायच्या होत्या आणि त्या शिकायला, निवृत्तीला आला असला तरी, मामाला आठवडाभर मी राहतो त्या शहरात पाठवलं. लांब पळायला उरलेला शेवटचा रविवार त्याच आठवड्यात आला. त्यानंतर पाय राखायचे असतात म्हणे. मामा माझ्याकडे उतरला होता. मीही इथे नवाच. पंपांच्या कारखान्यात स्टोअरला लागलोय आणि मला शहरातले दोनच रस्ते ठाऊक आहेत, एक खोली ते कारखाना आणि दुसरा खोली ते खानावळ.

शनिवारी मामीचा फोन आला. मामाला नाही, मला.

"हे बघ, तू साक्षीदार. सायकल घे आणि मागे राहा."

"हो मामी."

"मामाची दया येईल तुला. येऊ देऊ नकोस."

"नाही येणार."

"आणि पाणी घोट घोट दे. घटाघटा प्यायले तर बाटली काढून घे हातातून."

मामा शेजारी बसून उकडलेले बटाटे सोलत होता. पळताना खायला म्हणून तो बटाट्याच्या फोडी मीठ लावून पिशवीत भरतो. म्हणाला, "तिला विचार, साक्षीदाराला तरी झेपेल का सायकल?"

रविवारी उजाडताना निघालो. रूट मामानेच ठरवलेला: आमच्या इमारतीपासून हमरस्त्याला लागायचं, शहराबाहेरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत सरळ जायचं आणि त्याच रस्त्याने परत. वळणच नाही म्हटल्यावर चुकायचा प्रश्न नव्हता. मी वॉचमनची सायकल घेतली होती. तिचा एकच ब्रेक लागायचा, तोही विचार करून.

मामाला पळताना मी पहिल्यांदाच इतका वेळ बघत होतो. तो रस्त्याच्या डाव्या कडेने, एका लयीत, भरलेली बस चढ चढावी तसा पळतो. बसस्टॉप आला की वेग थोडा कमी होतो. तिथे उभ्या असलेल्या माणसांकडे बघून घेतो आणि कोणी हात केला नाही की पुन्हा वेग धरतो. समोरून बस आली की ड्रायव्हरला हात वर करतो. इथले ड्रायव्हर बुचकळ्यात पडून बघत राहायचे.

"मामा, ते ओळखत नाहीत तुला."

"मला कशाला ओळखायला पाहिजे? हात ओळखला की झालं."

टाकीपर्यंत सगळं सुरळीत झालं. मामाने टाकीला हात लावला, दोन घोट पाणी घेतलं, बटाट्याची फोड तोंडात टाकली आणि परत वळला. वळला आणि थांबला.

मी म्हटलं, "गोळा आला का?"

त्याने हनुवटीने वर दाखवलं. खांबावर लाल गोल पाटी होती, मधे पांढरी आडवी पट्टी. आम्ही आलो तो हमरस्ता शेवटच्या टप्प्यात एकेरी होता आणि आता आमची तोंडं उलट्या बाजूला होती.

"मामा, हे गाड्यांसाठी आहे."

"माहितेय."

"तू माणूस आहेस."

"तेही माहितेय रे. पण पाय उचलत नाही ना." त्याने खरंच एक पाऊल टाकायचा प्रयत्न केला. पाय अर्धवट उचलला गेला आणि खाली आला. "बघ, ब्रेकवरच जातोय. इतक्या वर्षांत एकदा नाही घातली गाडी नो एन्ट्रीत. पायालाच माहीत नाही कसं घालायचं ते."

"मग फुटपाथवरून चल."

मामाने माझ्याकडे असं बघितलं की मी विषयच सोडला. फुटपाथवर गाडी चढवणाऱ्यांविषयी त्याची मतं सगळ्या घराला पाठ आहेत.

"परतीचा रस्ता असणारच," तो म्हणाला. "एका बाजूने सोडलंय म्हणजे दुसऱ्या बाजूने घेतलंय. जगात कुठेही जा, हेच असतं."

परतीचा रस्ता होता. फक्त तो परत येत नव्हता. रेल्वेचे रूळ आडवे आल्यावर तो रुळांच्या सोबतीने निघाला आणि गोदामं, लाकडाच्या वखारी, बंद शाळा असं बरंच काही दाखवत आम्हाला भलतीकडे घेऊन गेला. माझ्या फोनमधली बाई दर चौकात सांगायची, डावीकडे वळा. डावीकडे लाल पाटी. मामा उजवा हात लांब करून उजवीकडे वळायचा. थोड्या वेळाने बाईने सांगणंच सोडून दिलं.

तीस किलोमीटर पुरे झाले तेव्हा आम्ही एका अनोळखी चौकात होतो आणि खोली अजून चांगलीच लांब होती.

"मामा, तीस झाले. अभिनंदन."

"दार कुठाय?" मामाने विचारलं.

त्याचा वेग आता माझ्या सायकलला झेपेनासा झाला होता, म्हणजे इतका कमी की मी दोनदा तोल जाऊन पाय टेकला. त्याच्या शर्टावर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. डावा पाय नीट पडत होता, उजवा मागून ओढत यायचा.

तेवढ्यात शेजारी बस येऊन थांबली. सकाळी हात केलेल्यांपैकीच एक ड्रायव्हर असावा. खिडकीतून वाकून म्हणाला, "काय दादा, कुठल्या डेपोचे?"

मामाने डेपो सांगितला.

"तरीच. हातावरून वाटलंच होतं. सकाळपासून पळताय? या वर, सोडतो पुढे. रविवार आहे, गाडी रिकामीच आहे."

दार उघडलं. रिकाम्या बसमधून पंख्याचा गार वारा बाहेर आला. मामाने दांडीला हात घातला. मी बघत होतो. मामीने सांगितलेलं सगळं आठवत होतं आणि तरी मी म्हणालो, "बस मामा. मी नाही सांगणार."

त्याचा हात दांडीवर जरा वेळ राहिला. मग त्याने हात काढला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "मास्तर, तुमची मेहरबानी. पण मागच्या वेळी असाच एका गाडीत बसलो होतो, अजून उतरलेलो नाही."

ड्रायव्हरला काही कळलं नाही, पण त्याने हात वर केला. मामानेही केला. बस गेली. मग मामा माझ्याकडे वळला. "आणि तू रे? मामीने तुला साक्षीदार केलं होतं का वकील?"

ऊन चढलं. बटाटे संपले. मामा दोन खांब पळायचा, एक खांब चालायचा. अखेर एका वळणावर मला खानावळीची पाटी दिसली आणि मी ओरडलोच. आमची गल्ली! गल्ली म्हणजे चांगला किलोमीटरभर लांब रस्ता आहे. हे तिचं मागचं टोक आणि आमची इमारत पलीकडच्या टोकाला.

गल्लीच्या तोंडाशी लाल पाटी होती. रोज दोन वेळा मी तिच्याखालून जेवायला जातो आणि आजवर मला ती दिसली नव्हती.

"वळसा किती पडेल?" मामाने विचारलं.

मी फोनमध्ये बघितलं. पुलावरून जावं लागत होतं. मी फोनच त्याच्यापुढे धरला. त्याने बघितला आणि तिथेच गुडघ्यांवर हात ठेवून वाकला. पुलाएवढं त्याच्यात काही उरलं नव्हतं, हे त्यालाही दिसत होतं आणि मलाही. इथे खाली बसला असता तर त्याला रिक्षातच घालावं लागलं असतं.

"डोळे मिट," मी म्हणालो. "मी हाताला धरून नेतो."

"डोळे मिटून गाडी चालवतात का?"

तो तसाच वाकून उभा राहिला. मग सरळ झाला, गल्लीकडे बघितलं, पाटीकडे बघितलं आणि सावकाश जागच्या जागी वळून गल्लीकडे पाठ केली.

"आता माझं तोंड कुणीकडे आहे?"

"बाहेर. रस्त्याकडे."

"म्हणजे बरोबर दिशेला. रिव्हर्स घेतो. तू मागे जा."

"मी?"

"कंडक्टर मागे असल्याशिवाय रिव्हर्स घेत नाहीत. सायकल हातात धर आणि आवाज मोठा काढ."

कायद्यात हे बसतं का, असं मी विचारणार होतो. पण मामाचा पाय उचलला गेला होता आणि मागे पडलाही होता. ब्रेक लागला नव्हता. मी सायकल ढकलत त्याच्या मागे, म्हणजे गल्लीत पुढे, गेलो आणि कंडक्टर झालो.

"येऊ दे! येऊ दे! अजून येऊ दे!"

मामा उलट्या पावलांनी यायला लागला. गंमत म्हणजे तसा तो जरा बरा चालत होता. मांड्यांचा मागचा भाग दमला होता, आता पुढचा कामाला लागला असावा. मग तो चक्क उलटा पळायला लागला.

"डावीकडे घे, बादली आहे! आता सरळ! येऊ दे, येऊ दे!"

बाल्कन्यांमधून माणसं बाहेर आली. किराणावाल्याने वजन करता करता विचारलं, "काय झालंय यांना?"

"काही नाही, रिव्हर्समध्ये आहेत."

"असं होय," तो म्हणाला आणि पुन्हा काट्याकडे वळला. शहर मोठं असल्याचा हा एक फायदा आहे.

इमारतीच्या दाराशी आल्यावर मी दोन्ही हात वर करून ओरडलो, "बस्स!" आणि मामा थांबला. पाठ दाराला टेकली तशी तो तिच्या आधाराने खाली सरकत पायरीवर बसला. वॉचमनने आधी आपली सायकल तपासली, मग मामाला पाणी दिलं.

मी मामीला फोन लावला. तिने पहिल्या रिंगलाच उचलला.

"आले?"

"आले."

"गाडीत बसले?"

"नाही." वकिली मी चौकातच सोडून आलो होतो, म्हणून जोडीला हेही सांगितलं, "हात लावला होता एका बसला. मीच बस म्हणालो. पण बसला नाही."

"तुझं नंतर बघते. दारापर्यंत पायांनी?"

"पायांनीच. पण शेवटची गल्ली उलटा पळत आला. पाठ करून."

मला वाटलं, आता रक्तदाब किती, डोळे कसे दिसतायत, जीभ अडखळते का, असं सगळं विचारणार.

"एकेरी होती का गल्ली?" मामीने विचारलं.

"हो."

"हां, मग ठीक आहे." तिने श्वास सोडलेला मला ऐकू आला. "पायांवर गार पाणी ओत. मीठ-साखर घालून पाणी दे. आणि सांग त्यांना, पळा म्हणावं. पण त्या शर्यतीचा रस्ता आधी मी फिरून येते. कुठे लाल पाटी असेल तर आयोजकांना झाकायला सांगते."

मी फोन ठेवला. मामा पायरीवरून माझ्याकडे बघत होता.

"पळ म्हणाली," मी सांगितलं.

त्याने मान हलवली, गळ्यातल्या नॅपकिनने तोंड पुसलं आणि बराच वेळ पुसतच राहिला. मी वॉचमनशी उगीच सायकलच्या ब्रेकबद्दल बोलत उभा राहिलो.

मग मामाने उठवायला म्हणून माझ्यापुढे हात केला. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट बंद असते. मामाने जिन्याकडे वर बघितलं, खाली बघितलं.

"हा दोन्ही बाजूंनी चालू आहे ना?"