वहीतली मापं

जूनच्या दुसऱ्या सोमवारी मलकापूरला दोन गणवेशांची शिलाई सातशे रुपये ठरली. हजर आम्ही तिघं होतो: मी, सातवीत गेलेली माझी मुलगी आणि शिवणाऱ्या बाई. त्यांचं नाव मी विचारलं नाही.

दोन वर्षं पुरावेत म्हणून मी चार इंच वाढीव माप सांगितलं. बाईंनी ते लिहिलंच नाही. टेप लावताना त्या दर वेळी मुलीलाच विचारत, "घट्ट होते का वं?" खांद्यापाशी त्या थांबल्या. "काऊन वाकून राह्यली वं माय?"

मुलीला रडू फुटलं. वर्गात सगळ्यांत उंच तीच, मुलं खांब म्हणतात, आता शाळेतच जायचं नाही. पोक काढते म्हणून मी मात्र तिला रोज रागावत होतो.

बाईंनी मापांची जुनी वही उघडली आणि एका मुलाच्या मापांवर बोट ठेवलं. "पाह्य, सातवीत हा तुह्याहून बुटका होता. नववीत एकदम वाढला. पोरी आंधी वाढतात, पोट्टे मांगून. तवरक पाहू दे त्याईले मान वर करून!"

मुलगी हसली. माप पुन्हा घ्यावं लागलं. दीड इंच जास्त भरलं.

"भाऊ, आता एकच शिवू," बाई मला म्हणाल्या. "ढगळ्यात पोरगी अजून बुजते. दुसरा दिवाळीले, तवाच्या मापानं."

हातातलं अर्धं काम त्यांनी आपणहून सोडलं. बारा वर्षं मुलगी घरात असून मला जे दिसलं नाही, ते त्यांना टेप धरल्या धरल्या दिसलं. एका गणवेशाचे साडेतीनशे रुपये मी त्या बाईंना दिले.