सतराशे नऊची थंडी आणि माझं बंद तोंड

आमच्या या दोन दिवसांच्या सहलीचं मूळ एका थर्माकोलच्या पृथ्वीगोलात आहे. माझी लेक मुक्ता बारा वर्षांची, सातवीत. इतिहासाच्या बाईंनी तिला विषय दिला होता: बरोबर तीनशे वर्षांपूर्वी, १७०९ साली, जगात काय चाललं होतं? वर्गासमोर उभं राहून बोलायचं, त्याला इथे जर्मनीत रेफेराट म्हणतात. आता मुक्ता वर्गात तोंडच उघडत नाही. त्यापायी इतिहासात नापास होण्याच्या काठावर होती आणि सहामाही प्रगतिपुस्तक जानेवारीअखेर मिळणार होतं.

मग आपल्याकडची कुठलीही आई करते तेच मी केलं. प्रोजेक्ट स्वतःच करून टाकला. थर्माकोलचा गोल, त्यावर टाचण्या, सोनेरी किनारीचा तक्ता आणि स्केचपेननं बावीस घटना. पोल्टाव्हाला रशियाच्या झारनं स्वीडनच्या राजाला लोळवलं. लिस्बनला एका पाद्र्यानं दरबारात गरम हवेचा कागदी फुगा उडवला. इंग्लंडात कोकवर लोखंड गाळलं. सॅक्सनीत चिनी मातीच्या भांड्यांचं गुपित उलगडलं. हैदराबादजवळ दिल्लीच्या तख्तासाठी भाऊ भावाशी लढला. मी लुडविग्सहाफेनला रसायनांच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे चिनी मातीचा रकाना जरा जास्तच लांबला.

बाईंनी गोल निरखून पाहिला, सुंदर आहे म्हणाल्या आणि मुक्ताच्या नाही, माझ्या हातात परत दिला. "ही मेहनत तुमची आहे. मला मुक्ताची हवी. पुढच्या सोमवारी. एक जागा, एक प्रश्न. आणि तुम्ही मदत करायची नाही." पीएच.डी. झालेली मी, अशी सातवीत नापास झाले.

घरी आल्यावर मुक्ता "इश कान एस एबन निश्ट" एवढंच म्हणाली, म्हणजे मला जमतच नाही, आणि खोलीत गेली. मी मराठी बोलायचं आणि तिनं जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, हा आमचा रोजचाच परिपाठ. माझे सासरे, म्हणजे आमचे बाबा, नागपूरहून तीन महिन्यांसाठी आले होते. शेतकी खात्याच्या बियाणे केंद्रावर त्यांची सगळी नोकरी झालेली. ते म्हणाले, "जागाच पाहायची आहे ना? मग घरात काहून बसले? चला, पाहून येऊ."

नवरा इंगोलश्टाटला मोटारींच्या कारखान्यात, त्या आठवड्यात येऊ शकत नव्हता. म्हणून तिघंच निघालो. निघण्याआधी मुक्तानं एका कागदावर अट लिहिली: मामा (इथली मुलं आईला मामा म्हणतात, म्हणजे मीच) इतिहासाबद्दल एक शब्द बोलणार नाही आणि कोणासाठी दुभाषाही होणार नाही. खाली माझी सही घेतली. बावीस घटनांतून तिनं नेमकी निवडली ती मी उरलेल्या जागेत शेवटी कोंबलेली. त्या वर्षी जानेवारीत युरोप गोठला होता आणि त्यानंतर आमच्याच भागातली हजारो माणसं घरदार सोडून गेली होती.

शनिवारी हायडेलबर्ग. लोकलनं जेमतेम वीस मिनिटं. तापमान उणे अकरा, नेकार नदीच्या काठाला बर्फाचे पापुद्रे धरलेले. बाबांनी दोन स्वेटर, त्यावर मुलाचा ओव्हरकोट आणि त्यावर माकडटोपी चढवली होती. हिवाळ्यात जाणार असाल तर चांगल्या तळव्याचे बूट घाला, गल्ल्यांतले दगड फार निसरडे होतात. किल्ल्यावर चढत जाऊ नका, दोरावर ओढली जाणारी छोटी रेल्वे आहे, ती घ्या. खाली चौकात भाजलेले चेस्टनट मिळतात. ते खिशात ठेवले की हात शेकतात आणि मग खाताही येतात.

किल्ल्याचा एक बुरुज उभा चिरल्यासारखा पडलेला आहे. बाबांनी विचारलं, "हे कोणी पाडलं?" मला तारखांसकट पाठ होतं. मी थर्मास उघडून चहा ओतायला लागले. शेवटी मुक्तानं पाटी वाचली आणि शब्द शोधत शोधत म्हणाली, "फ्रेंच लोक. दोन वेळा. फटाक्याची पावडर भरून." बाबांना ते पूर्ण कळलं. "म्हणजे थंडी आली तेव्हा घरं आधीच पडलेली होती," ते म्हणाले. मुक्तानं वही काढली आणि हे लिहून घेतलं.

रविवारी खरी मोहीम होती. प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्याची मावशी, फ्राऊ लोरेन्त्स, ओपेनहाइमच्या अलीकडच्या एका गावात द्राक्षमळा सांभाळते. त्याच घरात तिच्या पिढ्यान् पिढ्या गेल्या. तिनं जेवायलाच बोलावलं होतं. आठवड्याअखेरीचं तिकीट सदतीस युरोंना मिळतं, त्यावर पाच जणांना दिवसभर साध्या गाड्यांनी हिंडता येतं. रविवारी गाडी तासातासानं असते, ती चुकवू नका. डब्यात मी तिखट पुऱ्या घेतल्या होत्या आणि रिकाम्या हातानं जायला नको म्हणून बेसनाचे लाडू.

फ्राऊ लोरेन्त्स ऐंशीच्या पुढच्या, ताठ, कमी बोलणाऱ्या. बटाट्याचं सूप आणि वर सूर्यफुलाच्या बिया लावलेला पाव वाढला. बाबांनी मराठीत काहीतरी विचारलं. त्या माझ्याकडे पाहायला लागल्या, बाबाही माझ्याकडे पाहायला लागले. मी तोंडात एक अख्खा बटाटा घातला. मुक्ताची मान लाल झाली. आयुष्यात इतकं अवघड मी काही केलेलं नाही, आणि त्यात माझं बाळंतपणही आलं.

"बाळा, तू विचार त्यांना," बाबा म्हणाले. "सगळं गोठून गेलं, तर पुढे पेरायला बी कुठून आणलं?"

"पेरायला म्हणजे?" मुक्तानं विचारलं.

बाबांनी पावावरच्या दोन बिया तळहातावर काढल्या. बोटानं टेबलक्लॉथवर भोक पाडल्यासारखं केलं, बी त्यात ठेवल्यासारखं केलं, वरून माती लोटली.

"आह, साटगूट," मुक्ता म्हणाली, आणि तिनं प्रश्न जर्मनमध्ये विचारला.

फ्राऊ लोरेन्त्सनी चमचा खाली ठेवला. सगळे विचारतात अमेरिकेला कोण गेलं, त्या म्हणाल्या, हे कोणी विचारत नाही. मग सांगत गेल्या आणि मुक्ता तुकड्यातुकड्यानं बाबांना देत गेली. शेतातली राय, म्हणजे इथलं पावाचं धान्य, मेली. द्राक्षाच्या वेली मुळापर्यंत गेल्या. वसंतात पेरायचं जव ज्यांनी भुकेपोटी खाऊन टाकलं, ते ऱ्हाइनवरच्या होड्यांत बसले. या घरातल्या बाईनं एक पोतं भट्टीमागे भिंतीत चिणून ठेवलं होतं. पोरं रडली तरी तिनं भिंत फोडली नाही.

"त्यांनी बी खाल्लं नाही," मुक्ता म्हणाली. "म्हणून त्या इथे आहेत."

बाबांनी माकडटोपी काढली. "सांग त्यांना, दुष्काळात माझ्या मायनं बियाच्या ज्वारीचं गाडगं असंच राखलं होतं. आम्ही पाच भावंडं त्याच्याजवळ उपाशी झोपलो."

मुक्तानं ते सांगितलं. गाडगं तिनं हातांनी दाखवलं आणि पुरं केलं. दोन म्हातारी माणसं तिच्या डोक्यावरून एकमेकांकडे पाहत राहिली. मला बोलायची बंदी होती, रडायची नव्हती. मी पोटभर रडून घेतलं. निघताना फ्राऊ लोरेन्त्सनी चार लाडू ठेवून घेतले आणि मुक्ताला कागदाच्या पिशवीत जव दिलं.

गाडीला वेळ होता म्हणून नदीवर गेलो. पाणी शिशाच्या रंगाचं, संथ. मुक्ता आजोबांच्या कोटाच्या खिशात हात घालून उभी होती. मग तिनं विचारलं, "आजोबा, उपाशी म्हणजे किती दिवस?" मराठीत, कोणी न सांगता. मी चार पावलं मागे राहिले.

सोमवारी बाईंच्या परवानगीनं मी आणि बाबा मागच्या बाकावर होतो. मुक्ता माझाच थर्माकोलचा गोल घेऊन उभी राहिली. "माझ्या आईला बावीस घटना सापडल्या," ती जर्मनमध्ये म्हणाली आणि वर्ग हसला. पोल्टाव्हा, लिस्बन, हैदराबाद, एकेका वाक्यात सांगून तिनं एकेक टाचणी उपटली. एकच उरली, आमच्या ऱ्हाइनकाठची. "हे सगळं चालू होतं तेव्हा इथे एक बाई एका पोत्यासमोर बसली होती," असं म्हणून तिनं जवाची वाटी टेबलावर ठेवली. वीस मिनिटं बोलली. कोणीतरी विचारलं, हे खरं कशावरून? तिनं विचार केला. "कागदावर लिहिलेलं नाही. पण त्या घरात लोक अजून राहतात."

टाळ्या थांबल्यावर ती मागच्या बाकाकडे वळली. "आजोबा, समजलं?"

"नाही बाळा," बाबा म्हणाले. "परत सांग."

आणि माझ्या पोरीनं अठ्ठावीस जर्मन मुलांसमोर सगळं पहिल्यापासून मराठीत सांगितलं, फटाक्याच्या पावडरीसकट. एकही मूल हललं नाही. मला इतका अभिमान वाटला की बाकाची कड घट्ट धरून बसावं लागलं.

प्रगतिपुस्तकात दोन आला. जर्मनीत दोन म्हणजे चांगला. बाबा नागपूरला परतलेत. दर रविवारी फोन येतो तेव्हा मुक्ता तो माझ्या हातून काढून घेते, आणि बाबांनी तिथे कुंडीत पेरलेलं जव किती वाढलं ते विचारते. माझ्या सहीचा कागद फ्रिजवर आहे. काल मी तो काढायला गेले. "मामा, त्यावर अट संपायची तारीख कुठे आहे?" ती म्हणाली. चक्क मराठीत. मी कागद होता तिथे परत लावला.