दुसऱ्या मजल्याचं टपाल

पदनाम: जिना-रक्षक, दुसरा मजला, मुख्य टपाल कचेरी. सेवा: एकतीस वर्षे. वर्तणूक: समाधानकारक. विशेष नोंद: सदर इसमाच्या कारकिर्दीत एकही आगंतुक दुसऱ्या मजल्यावर पोहोचलेला नाही.

पोहोचणार कुठून? तो दगडी जिना पहिल्या मजल्यावरून बत्तीस पायऱ्या ऐटीत चढतो आणि भिंतीला नाक लावून थांबतो. कमानी, पितळी कठडे, सागवानी खिडक्या, सगळं यथासांग झालं; दुसऱ्या मजल्याचा नकाशा तेवढा गवंड्याच्या हाती पडला नाही. पण जिना दिसला की लोक चढतात, आणि मग उतरताना भांडतात. म्हणून रक्षक नेमला. त्यांना सगळे 'वरचे काका' म्हणतात.

गेल्या महिन्यात टपालाच्या खणांचं जुनं कपाट सरकवलं, तर मागून जाडजूड लिफाफा निघाला. पत्ता: मुख्य गवंडी, दुसरा मजला, मुख्य टपाल कचेरी. पाठवणारे, इमारतीचे वास्तुविशारद. तळमजल्यावर पोस्ट तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं, म्हणून त्या शिस्तीच्या गृहस्थांनी नकाशा गवंड्याला हातोहात न देता तिथल्याच पेटीत टाकला होता.

"काका, तुमच्या मजल्याचं टपाल," पोस्टमास्तर म्हणाले. "आजच्या आज शेरा हवा."

काका लिफाफा घेऊन तिकिटांच्या खिडकीपाशी घुटमळले.

"त्यात काय एवढं?" तिकीटवाल्या बाई म्हणाल्या. "'मजला आढळला नाही' असं लिहा नि मोकळे व्हा."

"मोकळाच होईन की! मजलाच नाही तर राखणदार कशाला, असं विचारतील."

"मग सही करून ठेवून घ्या."

"आणि आतला नकाशा बघून खात्यानं मजला बांधला म्हणजे? लोक हक्कानं चढतील. मी अडवू कुणाला? दोन वर्षं राहिलीत हो माझी."

"मग खाऊन टाका तो लिफाफा," बाई म्हणाल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

काकांनी टोपी सारखी केली. बत्तीस पायऱ्या चढले, टकटक केली, कान लावला, धापा टाकत उतरले आणि शेरा लिहिला: 'दार बंद. उद्या पुन्हा प्रयत्न करावा.'

पोस्टमास्तरांनी तो दोनदा वाचला. नियमात बसत होता. त्यांनी सही ठोकली.

तेव्हापासून रोज सकाळी दहाला काका लिफाफा वर नेतात आणि तोच शेरा घेऊन खाली येतात. त्यांच्या सेवापुस्तकात 'टपाल वाटपाचा अतिरिक्त कार्यभार' अशी भर पडली आहे.

वर दार नाही.