आईनं मागितलेली परवानगी

माझ्या आईचं नाव एस्तेर. साताऱ्यात आमच्या गल्लीत तिला सगळे इस्तरबाई म्हणत. ती मेढ्याकडची, चौथीपर्यंत शिकलेली. पवित्र शास्त्र ओळीखाली बोट धरून वाचायची. पहाटे स्वयंपाकघरात बसून मोठ्यानं प्रार्थना करायची आणि तीत देवाला अख्ख्या गल्लीची खबर द्यायची. "प्रभू, रंगुबाईचा गुडघा बघ. काल जिन्यावरनं पडता पडता वाचली ती." भिंतीपलीकडच्या रंगुबाई ते ऐकत असत. एखाद्या दिवशी नाव राहिलं, तर दारात येऊन म्हणत, "आज मला इसरलीस व्हय गं?" गल्ली हसायची. मला मात्र मान वर करवत नसे.

वडील एसटीत मेकॅनिक होते. ते गेल्यावर, १९९२ साली, मी आईला सांगलीला आणलं. तिथं मी एका कचेरीत कारकून होतो. नाव देवदत्त घाडगे. त्यावरून आम्ही ख्रिस्ती आहोत हे कुणाला कळायचं कारण नव्हतं, आणि मी सांगितलंही नव्हतं. रविवारी आईला चर्चच्या फाटकाशी सोडायचो आणि मागच्या रस्त्यानं आत जायचो.

दर गुरुवारी आई पेजेचा डबा घेऊन बसनं मिरजेला जायची. तिथल्या दवाखान्यात जतकडचे पेशंट असत, कित्येकांबरोबर कुणी नसायचं. ती त्यांना भरवायची, वेण्या घालायची, शेजारी बसायची. चार कानडी शब्दही शिकली होती. कुणाकुणाला भेटते, हे मी कधी विचारलं नाही.

१९९६च्या उन्हाळ्यात मला नोकरीत कायम करायचं चाललं होतं. साहेबांना, लालासाहेबांना, मी सपत्नीक जेवायला बोलावलं. सकाळी भिंतीवरचं बायबलच्या वचनांचं कॅलेंडर काढून गादीखाली ठेवलं. आई पुरण वाटत होती. तिला म्हणालो, "आई, आज जेवणाआधी प्रार्थना नको. शास्त्राचं काही बोलूही नकोस."

तिनं हात थांबवला. "मनातल्या मनात केली तर चालंल न्हवं?"

"चालेल," मी म्हणालो. खरोखर असं म्हणालो.

पाहुणे आले. पानं वाढली. आई आमटी घेऊन बाहेर आली, तशा लालासाहेबांच्या पत्नी मालनताई पानावरून उठल्या.

"तुम्ही! आवं, तुम्ही इथं कशा?"

त्यांची आई जतची. वर्षापूर्वी ती मिरजेला त्या दवाखान्यात होती. मालनताई औषध आणायला खाली गेल्या असताना म्हातारी गेली, तेव्हा तिच्यापाशी माझी आई होती.

"माझ्या आईच्या तोंडात शेवटचं पाणी यांनी घातलं," मालनताई नवऱ्याला सांगू लागल्या. "किती शोधलं यांना मी! नाव विचारायचंच राहिलं होतं."

लालासाहेब माझ्याकडे बघत राहिले. "घाडगे, कधी बोलला नाहीत."

मी मिठाची वाटी पुढं सरकवली.

मालनताईंनी आईचा हात धरला. "त्या दिवशी मी वर आले तेव्हा तुम्ही तिच्या उशाशी जी प्रार्थना म्हणत होता, ती आता म्हणा ना."

आईनं माझ्याकडे बघितलं. "म्हणू का रं?"

"अहो, त्यांना काय विचारता?" लालासाहेब म्हणाले.

"घर त्याचं हाय," आई म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच तसं वाटत होतं.

मी मान हलवली. तिनं डोळे मिटले आणि शेजारच्या खोलीत कुणी निजलंय अशा बेतानं, हळू आवाजात प्रार्थना केली. मालनताई रडत होत्या. मी ताटाकडे बघत होतो.

पाहुणे गेल्यावर मी म्हणालो, "आई, चुकलं माझं."

"अरं, भ्यालास तू. त्यात काय एवढं?" ती भांडी गोळा करू लागली.

तिनं रागानं दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून ती माझ्या घरात हळूच प्रार्थना करू लागली. 'मोठ्यानं म्हण' एवढंच सांगायचं होतं. आज सांगू, उद्या सांगू करत ते राहून गेलं. नोकरीत मी कायम झालो. लालासाहेब त्या दिवसाबद्दल कचेरीत कुणाशी बोलले नाहीत, आणि त्यांच्या या सभ्यतेचा मी फायदा घेतला.

१९९९च्या जानेवारीत आई हृदयविकारानं गेली. चर्चमध्ये मालनताई पहिल्या बाकावर बसल्या होत्या. मागं मिरजेच्या दवाखान्यातल्या दोन आया आणि जतहून आलेलं एक धनगर कुटुंब होतं. त्यांना मी ओळखत नव्हतो. पाळक म्हणाले, "घरच्यांपैकी कुणी प्रार्थना करावी." मी उभा राहिलो. दोन वाक्यांपुढं शब्द सुचेनात. खाली बसलो, आणि राहिलेली प्रार्थना त्या दवाखान्यातल्या आयांपैकी एकीनं पुरी केली.

कामावर गेल्यावर रजेचा अर्ज लिहिला. कारणापुढं लिहिलं, 'आईचा ख्रिस्ती अंत्यविधी'. हेडक्लार्क बाळासोंनी तो वाचला आणि चष्मा वर केला.

"घाडगे, तुम्ही ख्रिश्चन?"

"हो."

"कवापासनं?"

"जन्मापासून."

त्यांनी शिक्का मारून अर्ज पुढं पाठवला आणि चहा मागवला. पुढं काहीच घडलं नाही. कुणी तोंड फिरवलं नाही, कुणी टेबल बदललं नाही. आई जिवंत असताना बाळासोंनी हेच विचारलं असतं तर मी काय उत्तर दिलं असतं, हे मला पक्कं ठाऊक आहे.