मुशीचं रिकामं पोट

"आदी तोंड बगा, पोट मागनं," असं म्हणत मामा मेलेल्या मुशीचा जबडा दोन बोटांनी उघडायचे आणि मगच सुरी घ्यायचे. मुशी म्हणजे तुम्ही ज्याला शार्क म्हणता तो मासा.

मामा आमच्या सांगलीतल्या विश्रामबागच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. मूळचे साताऱ्याकडचे. भाऊबंद सगळे लष्करात, हे एकटे नौदलात जाऊन आलेले. दर मे महिन्यात आमचे विभागप्रमुख म्हणजे सर, त्यांचा साहाय्यक मी आणि मामा डहाणूच्या किनाऱ्यावर जायचो. मुशी काय खाते, यावर सरांची डॉक्टरेट चालली होती. सांगलीत राहून समुद्राचा अभ्यास! हसा खुशाल. सर छत्रीखाली बसत. कोळ्यांकडून मुशी मिळवणं, पोट फाडणं, अर्धवट पचलेला मासा तारली की बांगडा हे नुसत्या काट्यावरून ओळखणं, सगळं मामांकडे. मी वही लिहायचो.

गळाला लागलेल्या बऱ्याच मुशींची पोटं रिकामी निघाली. सरांनी सांगितलं, लिही, उन्हाळ्यात मुशी उपाशी राहते. मामांनी तिच्या दातांत अडकलेले खवले दाखवले.

"सायेब, ही उपाशी न्हाई. वर वढताना वकलीय. जाळ्यातल्या बगा, पोटं भरल्याली हायती."

शिपायानं शिपायाचं काम करावं, असं सर म्हणाले. मी 'उपाशी' लिहिलं, तेही सुवाच्य अक्षरात.

सरांच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं, गळाच्याच मुशींची पोटं रिकामी कशी? सर पटकन म्हणाले, शिपायानं हलगर्जीपणानं पोटातलं सांडलं असणार. मामा तेव्हा चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ट्रेमधला कप उचलला. सर डॉक्टर झाले, मामांना काढून टाकलं. असल्या विद्वानांची मला आजही चीड येते, आणि त्यांत मी आलोच.

दोन वर्षांनी मामांना शोधत साताऱ्याला गेलो. औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या फाटकावर ते पहारेकरी होते. चुकलो, म्हणालो. त्यांनी स्टूल पुसून बसायला दिलं, पोराबाळांची चौकशी केली. मग विचारलं, "त्या पुस्तकात आता मुशीचं बरूबर लिवलंय न्हवं?"

नाही, म्हणालो.

"मग माफी मला कशापायी मागताय?"

ते उठून ट्रकसाठी फाटक उघडायला गेले. विद्यापीठाला लिहायचं पत्र मी परतीच्या एसटीत शब्द न् शब्द जुळवलं. पुढे सर मानानं निवृत्त झाले. मामा गेले. ते पत्र मी अजून पाठवलेलं नाही.